चोवीस किलोंचं कौतुक

नणंद : हलू नकोस ना वहिनी, पिन टोचेल.

वहिनी : टोचू दे. जेवढं रक्त सांडेल तेवढं काट्यावर कमी भरेल.

नणंद : पोट आत घे जरा. जाऊ दे, आतच आहे सगळं. ही पँट आहे की तंबू? तीन पिना झाल्या, तरी घसरतेच आहे. दुसरं माप का नाही मागून घेत?

वहिनी : कोणाकडे? त्या भांडारवाल्याकडे? गणवेश देताना त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि नुसता सगळ्यांत खालच्या फळीकडे वाकला. आता मी लहान माप मागायला गेले तर चार जणींना हाक मारून दाखवेल, बघा बघा म्हणून.

नणंद : दाखवू दे की! अख्ख्या इमारतीत सध्या तुझंच नाव चाललंय. लिफ्टवालासुद्धा काल विचारत होता, तुमच्या वहिनींचं गुपित काय हो?

वहिनी : तो? दोन वर्षं मी आत शिरले की मागच्यांना सांगायचा, तुम्ही पुढच्या खेपेला या. आता गुपित विचारतोय.

नणंद : जिन्याने यायचं होतंस मग.

वहिनी : जिन्याला कुलूप आहे, बाई. सुरक्षेसाठी. आणि कुलपाच्या वर काय चिकटवलंय वाचलंस? ‘जिना चढा, आरोग्याचा खर्च घटवा.’

नणंद : आणि त्याच्या खाली ते गोड थंड पेयांच्या बाटल्यांचं यंत्र. नाणं टाका, बाटली घ्या, जिन्याकडे बघत प्या.

वहिनी : त्यात कंपनीला कमिशन मिळतं म्हणे. खर्च घटवायचा म्हणजे कुठूनतरी पैसा यायला नको?

नणंद : हळू बोल. साहेब येईल.

वहिनी : येऊ दे. कॅन्टीनच्या कोठीत वजनकाटा ठेवलाय, बसायला बटाट्याच्या पोत्याशेजारी बाक दिलाय, इथे अजून किती अदबीने बोलायचं? आणि त्याला वेळ आहे. दाराबाहेर उभा राहून आधी तो स्वतःचं पोट आत घेतो, मग आत येतो.

नणंद : त्याला काटा नाहीच ना लागू?

वहिनी : व्यवस्थापनाला चरबी नसते गं. त्यांच्याकडे अनुभव साठतो.

नणंद : बरं, ऐक. बाकीच्या चौघी आणि मी, आम्ही सकाळीच काट्यावर चढून आलो. सगळ्या मिळून साडेचार किलो कमी. ती खिडकीजवळची तर वाढली उलट. म्हणते, ताण आहे.

वहिनी : कसला ताण?

नणंद : वजन कमी करायचा. म्हणजे राहिली तू. मागच्या वेळी तू चोवीसने कमी होतीस. आज आणखी दीड-दोन निघाले की मोहिमेतले आपल्या खात्याचे तीस किलो पुरे. म्हणजे आईचं नाव कंपनीच्या विम्यात राहिलं. महिनाअखेरीला खुबा बदलून घ्यायचा, मोकळं व्हायचं.

वहिनी : निघतील.

नणंद : एवढ्या खात्रीने?

वहिनी : पिना बघ ना किती लावल्यास.

नणंद : आई सकाळी दारापर्यंत आली होती आपल्या मागे, पाहिलंस? वॉकर सोडून, भिंत धरत. मी ओरडले तर म्हणते, मोठीला सांग, आज उपाशीच चढ काट्यावर. मोठी म्हणजे तू. लाज नाही म्हातारीला.

वहिनी : मला सांगितलं त्यांनी. गालावरून हातही फिरवला. लग्न होऊन आले तेव्हा म्हणाल्या होत्या, ही घरात शिरली की उजेड अडतो. आता गालावरून हात. म्हटलं, एवढं मिळतंय तर घ्यावं.

नणंद : दादा काय म्हणतो?

वहिनी : तुझा दादा? आमचा लग्नातला फोटो कपाटातून काढून टीव्हीशेजारी मांडलाय त्याने. म्हणे, आता पुन्हा तशी दिसायला लागलीस. मी म्हटलं, आणि मधली वीस वर्षं कोण नांदत होतं तुझ्याजवळ?

नणंद : त्याच्या अकलेचं काय सांगतेस. माझ्या घटस्फोटाला पेढे वाटायला निघाला होता तो, मला बरं वाटावं म्हणून.

वहिनी : तुझ्या टेबलावर मंजुरीला आज किती गुडघे आले?

नणंद : चार गुडघे, एक पित्ताशय, आणि एकाला झोपताना नाकावर लावायचं यंत्र हवंय. घोरतो म्हणे. झोपेत श्वास थांबतो. वजन बघितलंस तर हसशील, एकशे अठ्ठावीस! मारला शिक्का, नामंजूर. आधी गिळणं कमी कर म्हणावं, मग यंत्र माग.

वहिनी : नामंजूर?

नणंद : साहेबाचा नियमच आहे. वजनाचा वास आला की पहिल्यांदा कागद परत पाठवायचा. जाड लोकांनी बुडवलंय म्हणे कंपनीला. सकाळच्या बैठकीत पडद्यावर चित्र लावलं होतं. एक हत्ती सी-सॉवर बसलाय आणि दुसऱ्या टोकाला आपण सगळे हवेत लटकतोय.

वहिनी : पाहिलं मी. पुढच्याच रांगेत बसवलं होतं मला. सगळे एकदा हत्तीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मग कोणीतरी म्हणालं, ताई आता हत्तीण राहिल्या नाहीत, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नणंद : मला नाही आवडलं ते.

वहिनी : तूही वाजवल्यास.

नणंद : सगळे वाजवत होते.

वहिनी : आणि तो नाकाच्या यंत्राचा माणूस पुन्हा येईल हं तुझ्या टेबलावर. यंत्र नाही देणार, गोळ्या नाही देणार, आहार सांगणाऱ्या बाईची फी नाही देणार. दोन वर्षांनी त्याचं हृदय घेऊन येईल तो. अतिदक्षता विभाग, नळ्या, पंधरा पानांचं बिल. ते मात्र मुकाट्याने मंजूर करशील. मी किती केलीत. आधी चिल्लर वाचवायची, मग पेटी उपडी करायची, आणि पडद्यावर हत्ती लावायचा.

नणंद : तू त्यांची बाजू घेणारच.

वहिनी : घेणारच. माझी जात ती. वन्सं, तुम्ही काटकुळ्या जन्मलात यात तुमची काय हुशारी? ताटात उरलेलं फेकायचं नाही म्हणून ज्या घरात मी शेवटी जेवायला बसायचे, ते घर कोणाचं होतं?

नणंद : वन्सं म्हणू नकोस. तू चिडलीस की वन्सं म्हणतेस.

वहिनी : चिडले नाही. दम लागला जरा. बसते.

नणंद : काही खा. डबा कुठाय तुझा?

वहिनी : तो काय, बाकावर. तू खा.

नणंद : पुन्हा? झाकणसुद्धा उघडलेलं नाहीस.

वहिनी : काटा आहे ना आज.

नणंद : काल नव्हता. परवा नव्हता. रोज तुझा डबा मीच संपवतेय, वहिनी. सकाळी त्या खिडकीजवळचीसारखी मीही जड भरले, ते तुझ्या भाज्यांमुळे. मी कोणाला सांगितलं नाही.

वहिनी : चांगलं केलंस. तुला जरा अंग हवंच होतं.

नणंद : पथ्य तरी कुठलं पाळतेस तू? मला कधी दिसलं नाही. ती दुसऱ्या मजल्यावरची कोबीचं पाणी पिते, ती सगळ्यांना दाखवून पिते. तू काय करतेस?

वहिनी : तोंड बंद ठेवते. तुला जमणार नाही.

नणंद : थट्टा नको. मागच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाचा केक तू कापलास. एक तुकडा तोंडात घातलास आणि नळापाशी गेलीस. मी बघितलं.

वहिनी : फार गोड होता.

नणंद : तू? तुला फार गोड?

वहिनी : माणसाची जीभ बदलते.

नणंद : आणि पाठ? पाठ का धरतेस सारखी? आता बोलतानाही धरली आहेस.

वहिनी : नऊ तास खुर्चीत बसून कोणाची पाठ दुखत नाही? तू काय मला तपासायला बसलीस? मी काय तुझ्या टेबलावरचा कागद आहे?

नणंद : डॉक्टरकडे गेली होतीस ना तू? कंपनीच्या?

वहिनी : गेले होते.

नणंद : मग? काय म्हणाला?

वहिनी : मी म्हटलं, बरगडीखाली दुखतं, पाठीत उतरतं, दोन घास खाल्ले की गच्च होतं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, वजन कमी करा. मी म्हटलं, डॉक्टर, ते कमीच होतंय. तेव्हा मान वर केली. म्हणाला, अरे वा! मग तसंच चालू ठेवा.

नणंद : एवढंच?

वहिनी : हातही मिळवला. तुला ठाऊक नाही गं, जाड बाईचं डॉक्टरकडे जाणं कसं असतं ते. डोळा आला, वजन कमी करा. दाढ दुखली, वजन कमी करा. कान फुटला तेव्हासुद्धा तेच. पहिल्यांदाच त्याने मला शाबासकी दिली होती. आणखी काही विचारायचा धीर झाला नाही.

नणंद : दुसऱ्याकडे जायचं.

वहिनी : जाऊ ना. खुबा होऊ दे.

नणंद : म्हणजे काय, खुबा होऊ दे?

वहिनी : म्हणजे काही नाही. बोलायची पद्धत.

नणंद : वहिनी, माझ्याकडे बघ.

वहिनी : साहेब आला. ऐक, बूट वाजले. आता पोट आत घेतोय.

(साहेब आत येतात. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात शिंपी वापरतात तशी मापाची टेप.)

साहेब : वा वा वा! आमच्या चॅम्पियन! बसा ताई, बसा. नाही, उभ्याच राहा, आपल्याला आधी फोटो काढायचाय. या जुन्या पँटमध्येच. कंबर अशी पुढे ओढून धरा, म्हणजे मधली जागा दिसेल.

वहिनी : पिना आहेत, साहेब.

साहेब : काढा पिना! पिनांनी सगळा परिणाम जातो. काढा हो तुम्ही, त्यांच्या नणंद ना तुम्ही? काय अभिमान वाटत असेल घरात!

नणंद : फोटो कशाला?

साहेब : वार्षिक अहवालाला. वरच्या साहेबांनी खास विचारलंय. बघा, गेल्या वर्षी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या उपचारांवर कंपनीचा जो खर्च झाला, त्यात स्थूलपणाचा वाटा एवढा मोठा होता की मला बैठकीत मान खाली घालावी लागली. आपण विमा कंपनी! दुसऱ्यांना शहाणपण शिकवणार आणि आपलीच माणसं... असो. म्हणून ही मोहीम. काठी नाही, गाजर. वजन उतरवा, आईवडील विम्यात ठेवा.

नणंद : गाजर कसलं, साहेब? आईवडील आधी होतेच विम्यात. तुम्ही काढून घेतले आणि आता बक्षीस म्हणून परत देताय.

साहेब : दृष्टिकोन बदला, दृष्टिकोन. ताईंकडे बघा. त्यांनी कधी कुरकुर केली? बरं ताई, फोटोखाली दोन ओळी टाकायच्यात. तुमचा मंत्र. काय सोडलंत तुम्ही?

वहिनी : मी?

साहेब : साखर सोडली? तेलकट सोडलं? रात्रीचं जेवण?

वहिनी : असंच... थोडं थोडं सगळंच.

साहेब : ठोस काहीतरी हवं. लोकांना ठोस लागतं. चालायला जाता?

वहिनी : लिफ्टपर्यंत जाते.

साहेब : हा हा! विनोदबुद्धी शाबूत आहे. लिहितो मी, ‘मनाचा निश्चय’. छान वाटतं. आणि ताई, पुढच्या महिन्यात तुम्ही सगळ्या खात्यांपुढे बोलायचं. अर्धा तास. गोदामवाल्यांना तर फार गरज आहे. लबाड लोक. त्यांच्यातल्या एकाने टायफॉइडमध्ये उतरलेले किलो मोहिमेत दाखवायचा प्रयत्न केला. सरळ बाद केला. आजारपणाचं वजन धरत नाही आपण.

नणंद : एकट्याला बाद केलं?

साहेब : खात्यालाच. नियम सगळ्यांना सारखा. आजाराने उतरलेलं वजन म्हणजे उद्याचा खर्च. ती बचत नव्हे. आपल्याला निरोगी किलो हवेत. चला ताई, चढा काट्यावर. बूट काढा.

वहिनी : वाकवत नाहीये. तू काढतेस का गं?

नणंद : पाय पुढे कर. वहिनी... अगं, तुझा घोटा केवढासा झालाय.

वहिनी : कौतुक नंतर कर. सोड पाय.

नणंद : हे कौतुक नाही.

साहेब : काय चाललंय खाली? चढा चढा. हां. सरळ बघा. हलू नका. वा! वा! सव्वीसच्याही पुढे गेलंय! म्हणजे तुमच्या खात्याचे तीस पुरे. अभिनंदन! थांबा, आधी लिहून घेतो.

नणंद : साहेब, लिहू नका.

साहेब : का? काटा चुकतोय का?

वहिनी : काटा बरोबर आहे. लिहा तुम्ही. ही सकाळपासून अशीच करतेय. उपास सोसत नाही हिला.

नणंद : उपास मी केलेलाच नाही. मी दोन डबे खाते रोज. तू लिहू देऊ नकोस, वहिनी.

वहिनी : वन्सं, गप्प बसा.

नणंद : नाही बसणार. आपल्या टेबलावर असा कागद आला तर आपण काय करतो, सांग? पथ्य नाही, व्यायाम नाही, भूक गेलेली, पाठीत दुखतंय आणि वजन असं भराभरा उतरलेलं. तूच मला शिकवलंस हे काम. असा कागद आला की शिक्का हातात घ्यायचा नाही, सरळ पुढच्या तपासणीला पाठवायचा, असं तूच म्हणाली होतीस.

वहिनी : ते परक्यांचे कागद होते.

नणंद : मग घरच्यांसाठी वेगळा नियम आहे?

साहेब : एक मिनिट. तपासणी कसली? तुम्ही जपून बोला हं. तुम्हाला कल्पना आहे, तुम्ही काय म्हणताय त्याचा अर्थ काय होतो? हे असलं काही निघालं, तर हे सव्वीस किलो आपण धरू शकणार नाही. खातं बाद होईल. तुमच्याच आईचं ऑपरेशन आहे ना?

नणंद : हो, माझ्याच.

साहेब : मग?

नणंद : म्हणूनच इतके दिवस डबे खात बसले मी. म्हटलं, होईल कमी तर होऊ दे. आईचा खुबा होऊन जाऊ दे. रोज ती अर्धा घास खाऊन डबा माझ्याकडे सरकवायची आणि मी मनात किलो मोजायचे. मी! हिने मला या घरात पुन्हा जागा दिली, दादा तर भाडं मागत होता, आणि मी हिचे किलो मोजत होते.

वहिनी : रडू नकोस इथे. बटाटे भिजतील.

नणंद : विनोद करू नकोस ना, वहिनी!

वहिनी : मग काय करू? लहान आहेस तू, तुला वाटतं बोललं की सुटलं. त्या बाईला दोन पावलं टाकताना काय होतं ते मी बघते. तू ऑफिसात असतेस तेव्हा, मी सुट्टीवर असते तेव्हा. न्हाणीघरात बसून रडतात त्या, नळ सोडून. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. आपल्या पगारात दुसरा खुबा येत नाही. महिनाअखेर काही लांब नाही. तोवर मी उभी आहे.

नणंद : तू काट्याच्या बाजूचा दांडा धरून उभी आहेस.

साहेब : हे बघा, घरगुती गोष्टी आपण घरी बोलू. मी माणुसकी सोडलेली नाही. आपण असं करू. मी आजचा आकडा लिहितो. ताई सुट्टी घेऊन पुढच्या महिन्यात, भाषण झाल्यावर, निवांत दाखवून येतील डॉक्टरांना. मोहीम तोपर्यंत संपलेली असेल. कोणाचं नुकसान नाही. काय?

नणंद : कोणाचं नुकसान नाही?

साहेब : कागदावर म्हणतोय मी.

नणंद : दुखणं असंच वाढू द्यायचं, आणि मोहीम संपली की मग त्याचं बिल काढायचं. तेव्हा पडद्यावर कुठला प्राणी लावणार तुम्ही?

साहेब : तुमचा सूर मला पसंत नाही.

नणंद : मलाही नाही. तरी एवढी वर्षं तुमच्याच सुरात बोलत आले. त्या घोरणाऱ्या माणसाला आज सकाळी नामंजूर केलं मी. हसत हसत.

साहेब : ताई, तुम्ही समजूतदार आहात. तुम्हीच सांगा यांना. उगाच एखाद्या आनंदाच्या प्रसंगाला... मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. एवढं सांगा की बरं आहे सगळं, आणि मी लिहून मोकळा होतो.

नणंद : वहिनी. आईला मी सांगेन. दादालाही मी सांगेन. खुब्याचं काय ते आपण दोघी बघू. तू फक्त खरं बोल.

साहेब : ताई? बरं आहे ना सगळं?

वहिनी : हात दे गं जरा. उतरते.

साहेब : मी काय लिहू?

वहिनी : बरं नाही, साहेब. मला बरं नाहीये.